किल्ली त्यांच्याकडेच होती : ज्यूरीचं मन आणि आमच्या सोसायटीचा निकाल

गोदाकाठचा (धागाकर्ता), शुक्रवार रात्री १०.१५

हा धागा काढायला मला बरेच महिने लागले. आमची सोसायटी नाशिकच्या इंदिरानगरात, ३२ फ्लॅटची. दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत आमच्याकडे एक प्रकार झाला. आम्ही कमिटीचे सात जण बसलो, निवाडा केला, आणि तो साफ चुकला. चुकला हे मागच्या गणपतीत कळलं. तेव्हापासून चार माणसं एकत्र बसून कोणाचा तरी दोष कसा ठरवतात यावर मिळेल ते वाचतोय. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो ज्यूरीचा, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ते ठरवायला बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या गटाचा. आपल्याकडे ज्यूरी कधीच बंद झाली, पण आमच्या पार्किंगमधल्या त्या बैठकीचं वर्णन मला परदेशातल्या ज्यूरीवरच्या लेखांत जसंच्या तसं सापडलं, म्हणून इथे लिहितोय.

प्रकार असा. विसर्जनाच्या आदल्या रात्री महाप्रसाद होता. वर्गणीचे उरलेले २३,५०० रुपये खाकी पाकिटात, रबर लावून, खजिनदारांकडे. रोज रात्री आरतीनंतर ते पाकीट ऑफिसच्या कपाटात ठेवत. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक सेक्रेटरींकडे, ते त्या दिवशी पुण्याला गेलेले. दुसरी वॉचमन काकांच्या केबिनमध्ये, खिळ्याला. सकाळी आचाऱ्याचे पैसे द्यायला खजिनदारांनी काकांकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं, पाकीट नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलो. खजिनदार म्हणाले, मी रात्री स्वतः कपाटात ठेवलं. कोणीतरी आठवण काढली की काकांनी आठ दिवसांपूर्वीच मुलीच्या फीसाठी उचल मागितली होती आणि आपण नाही म्हणालो होतो. अजून एकानं सांगितलं की आधीच्या ठिकाणाहूनही त्यांना काढलं होतं म्हणे. चेअरमन लगेच म्हणाले, "ऐकीव गोष्टी नकोत, ते सोडून द्या." पण ते आता सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं.

मग चेअरमन म्हणाले, "आधी एकदा अंदाज घेऊ. ज्यांना वाटतं काकांनीच घेतले, त्यांनी हात वर करा."

माझ्या डावीकडचा हात वर गेला. मग समोरचे दोन. मग उजवीकडचा. माझा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो मी उचलला. त्या क्षणापर्यंत माझं काहीही ठरलेलं नव्हतं, हे आज शपथेवर सांगतो. हात वर गेला आणि ठरलं. एक निवृत्त शिक्षिका आहेत आमच्याकडे, आम्ही त्यांना बाई म्हणतो. फक्त त्यांचा हात खाली होता. त्यांनी विचारलं, "पाकीट आरतीच्या वेळी टेबलावर होतं ना? मी पाहिलं होतं." खजिनदार म्हणाले, "हो, नंतर आत ठेवलं." झालं. वीस मिनिटांत बैठक संपली. पोलिसात जायचं नाही असं ठरवलं आणि हा आपला मोठेपणा असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी काका गेले.

मागच्या गणपतीत, पहिल्याच आरतीला, माळ्यावरून आरतीच्या पुस्तकांचा गठ्ठा काढला. सुतळी सोडली. मधोमध खाकी पाकीट. रबर वाळून नोटांना चिकटला होता, ओढला तर तुकडे पडले. २३,५०० पूर्ण होते.

आता वाचलेलं सांगतो. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी या दोघांनी १९८० च्या दशकात ज्यूरर, म्हणजे ज्यूरीतले सदस्य, कसे विचार करतात यावर काम केलं. आपली समजूत अशी असते की माणूस एकेक पुरावा तराजूत टाकतो आणि शेवटी पारडं बघतो. त्यांना दिसलं ते वेगळंच. माणूस पुरावा ऐकता ऐकता गोष्ट रचतो. कोणाला काय हवं होतं, त्यानं काय केलं, पुढे काय झालं. गोष्ट जुळली की निकाल तयार. मग जो पुरावा गोष्टीत बसतो तो लक्षात राहतो, न बसणारा गळून पडतो. १९८८ च्या त्यांच्या प्रयोगात खटला तोच, पुरावा तोच, फक्त मांडणीचा क्रम बदलला. सरकारी बाजू घडलं त्या क्रमानं आणि बचावाची बाजू साक्षीदारांच्या क्रमानं तुटक सांगितली, तेव्हा ७८ टक्के लोक दोषी म्हणाले. उलट केलं तेव्हा ३१ टक्के.

आमची गोष्ट किती पटकन जुळली बघा. पैशांची गरज, उचल नाकारली, किल्ली जवळ, पैसे गायब. अशी सरळ गोष्ट मिळाल्यावर बाईंचा प्रश्न बसायला जागाच नव्हती.

दुसरी गोष्ट हात वर करण्याची. शिकागो विद्यापीठातल्या हॅरी काल्वेन आणि हान्स झायझेल यांनी अमेरिकन ज्यूरीचा मोठा अभ्यास केला, तो १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत असतं, तोच जवळपास दहापैकी नऊ खटल्यांत शेवटचा निकाल असतो. मधले तासन्‌तास बहुतेक वेळा उरलेल्यांना वळवण्यात जातात. १९८३ मध्ये हेस्टी आणि सहकाऱ्यांनी ज्यूरीच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले. काही ज्यूरी आधी मत घेतात आणि मग आपापल्या मताला पुरावा शोधतात. काही आधी पुरावा चाळतात, मत शेवटी. दुसऱ्या प्रकारात चर्चा जास्त वेळ चालते आणि जास्त कसून होते. आमचे चेअरमन सज्जन माणूस. वेळ वाचावा म्हणून त्यांनी आधी हात वर करायला सांगितले. त्या एका वाक्यानं आमची बैठक पहिल्या प्रकारची झाली.

तुमच्यापैकी कोणी वकील, मानसशास्त्र शिकवणारे असतील तर जरूर लिहा. मला हे नीट समजून घ्यायचंय.


कोर्टकचेरी, शुक्रवार रात्री ११.३०

मनापासून लिहिलंय, धन्यवाद. मी सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात २२ वर्षं फौजदारी वकिली करतो.

ज्यूरी म्हटलं की आपल्याकडे नानावटी खटला निघतोच, म्हणून त्याचं सांगून टाकतो. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजांवर गोळ्या झाडल्या. ज्यूरीनं ८ विरुद्ध १ असा 'निर्दोष' निकाल दिला. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो पटण्यासारखा वाटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं. हायकोर्टानं १९६० मध्ये दोषी ठरवलं, सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये ते कायम केलं. 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं तेव्हा नानावटींच्या बाजूनं रान उठवलं होतं. शूर, देखणा अधिकारी, फसवला गेलेला नवरा, पैसेवाला प्रियकर. धागाकर्ते म्हणतात तशी गोष्ट कोर्टाबाहेरच तयार होती. ज्यूरीतले लोक तीच गोष्ट घेऊन आत गेले.

एक दुरुस्ती मात्र करतो, कारण हे सगळीकडे चुकीचं छापलं जातं. हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला नव्हे. काही ठिकाणी ज्यूरी नंतरही चालू होती. विधी आयोगानं आपल्या १४व्या अहवालात, म्हणजे १९५८ मध्ये, नानावटींच्या आधीच, ज्यूरी बंद करा असं सुचवलं होतं. ती पूर्ण गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं, ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. एक धागा अजून शिल्लक आहे. पारशी विवाह कायद्याखालच्या दाव्यांत न्यायाधीशांबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात आणि वस्तुस्थितीवर निर्णय देतात.

ज्यूरी आणि न्यायाधीश यांच्यात मला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो कारणं लिहिण्याचा. ज्यूरी दोषी की निर्दोष एवढंच सांगते. न्यायाधीशाला का ते लिहावं लागतं, कारण वरचं कोर्ट ते वाचणार असतं. लिहायला बसलं की गोष्टीतली भोकं दिसतात. तुमच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिलं होतं का? दोषी का, यावर पाच ओळी लिहायला घेतल्या असत्या तर तिसऱ्या ओळीला कोणीतरी अडलं असतं.

आणि एक प्रश्न. रागावू नका. काकांना तुम्ही बैठकीत बोलावलं होतं का? आमच्याकडे सरकारी पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतात, तुझ्याविरुद्ध हे हे आलंय, तुझं काय म्हणणं? जुन्या संहितेत हे कलम ३१३ होतं, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३५१. बरेच जण याला उपचार समजतात. मी समजत नाही.


मानसमंथन, शनिवार सकाळी ८.०५

मी कॉलेजला मानसशास्त्र शिकवते. उदाहरण वर्गात सांगायची परवानगी हवी, सोसायटीचा उल्लेख न करता.

खजिनदारांबद्दल आधी. ते खोटं बोलले असं मला अजिबात वाटत नाही. रोज रात्री आरती, मग कपाट, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. नऊ रात्री केलेलं दहाव्या रात्रीही केलं असं मन भरून घेतं, आणि माणसाला ते स्पष्ट 'आठवतं'. आठवण ही प्रत्येक वेळी नव्यानं जुळवली जाते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग यासाठी शिकवते. लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, 'लागल्या' तेव्हा किती होता? नुसत्या क्रियापदानं वेगाचा अंदाज सरासरी ताशी ३२ मैलांच्या आसपासवरून ४० च्या वर गेला. आठवड्यानं विचारलं की फुटलेली काच दिसली का, तर जोरदार शब्द ऐकलेल्यांपैकी ३२ टक्के हो म्हणाले. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

दुसरं, 'ते सोडून द्या'. जे मनात आलं ते मुद्दाम बाजूला ठेवायला सांगितलं की त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो, आणि पहारा ठेवायचा म्हणजे त्याच्याकडे बघत राहायचं. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. न्यायाधीश ज्यूरीला 'हे ऐकलंच नाही असं समजा' म्हणतात तेव्हा हीच अडचण येते.

आणि तिसरं, जे मला तुमच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या सात जणांत मिळून खरं उत्तर हजर होतं का? गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की गटात प्रत्येकाकडे थोडी थोडी वेगळी माहिती असेल, तर लोक आपल्याजवळची वेगळी माहिती पुढे ठेवत नाहीत. सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलंच पुन्हा पुन्हा बोलतात. त्यामुळे सगळ्यांची माहिती एकत्र केली असती तर जो पर्याय उघड चांगला ठरला असता, तो त्यांच्या हातून निसटतो. तुमच्याकडे पुस्तकांचा गठ्ठा कोणी बांधला, हे त्या बैठकीत कोणाला माहीत होतं का?


गोदाकाठचा, शनिवार सकाळी ९.२०

@मानसमंथन, जरूर सांगा वर्गात. आणि हो, माहीत होतं. गठ्ठा बांधला तो कमिटीतल्याच एकाच्या मुलानं. टेबल त्यानं आवरलं, हे त्याच्या वडिलांना ठाऊक होतं, ते माझ्या शेजारीच बसले होते. पाकीट टेबलावर होतं हे बाईंना ठाऊक होतं. दोन खुर्च्यांचं अंतर. उचल मागितल्याचं मात्र सात जणांना ठाऊक होतं आणि ते मी मोजून चार वेळा ऐकलं.

@कोर्टकचेरी, नाही. बोलावलं नव्हतं. ते गेटवर उभे होते, बैठक दिसेल इतक्या अंतरावर. इतिवृत्तात एक ओळ आहे, 'वॉचमन बदलण्याचा निर्णय सर्वानुमते.' बाईंचा हात खाली होता, तरी सर्वानुमते.


रोखठोक, शनिवार दुपारी १.१०

वेगळं मत मांडतो. गरज होती, किल्ली होती, दुसरी किल्ली पुण्यात. अशा वेळी संशय घ्यायचा नाही तर काय करायचं? पाकीट सापडलं म्हणून आज तुम्हाला चूक वाटते. त्या दिवशी जे समोर होतं त्यावरून निष्कर्ष बरोबरच होता. उद्या सगळ्यांनी असा विचार केला तर कोणालाच जबाबदार धरता येणार नाही.


सातपूरचा फोरमन, शनिवार दुपारी ३.४५

रोखठोक यांच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे. घडून गेल्यावर सगळंच आधी दिसत होतं असं वाटतं. आमच्या कारखान्यात प्रेसवर एकाचं बोट गेलं, चौकशीत सगळे म्हणाले सुपरवायझरला कळायला हवं होतं. अपघाताच्या आदल्या दिवशी त्याच मशिनशेजारी उभे राहून चहा प्यायलेले लोक. मीही त्यांत होतो, म्हणून बोलतो.

यावर बरूक फिशहॉफ यांचा १९७५ चा प्रयोग वाचला होता. त्यात १८१४ च्या इंग्रज आणि गुरखा यांच्या लढाईचं वर्णन वाचायला दिलं होतं. ज्यांना एक शेवट खरा म्हणून सांगितला, त्यांना तो शेवट आधीपासूनच जास्त संभवनीय वाटला, मग सांगितलेला शेवट कोणताही असो.


मानसमंथन, शनिवार संध्याकाळी ६.३०

@रोखठोक, फोरमन साहेबांचा मुद्दा मान्य करूनही सांगते, त्या दिवशीचा निष्कर्ष त्या दिवशीच्या माहितीवरही कच्चा होता. तुम्ही विचारताय, काकांनी चोरी केली असेल तर हे सगळं जुळतं का? जुळतं. पण विचारायचं असं असतं, चोरी झालेली असणं आणि पाकीट कुठेतरी सरकलेलं असणं यांत जास्त संभव कशाचा? उचल मागणारे वॉचमन नाशकात किती आणि त्यातले चोरी करणारे किती? आणि महाप्रसादाच्या गडबडीत वस्तू इकडची तिकडे होणं किती वेळा घडतं?

हीच चूक इंग्लंडमध्ये एका आईला तुरुंगात घेऊन गेली. सॅली क्लार्क यांची दोन तान्ही बाळं गेली. १९९९ च्या खटल्यात एका नामांकित बालरोगतज्ज्ञांनी ज्यूरीला सांगितलं की अशा घरात दोन बाळं नैसर्गिकरीत्या दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. एक मृत्यू आणि दुसरा मृत्यू यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं धरून केलेला तो गुणाकार होता, आणि तेच मुळात चूक. पण आकडा बरोबर असता तरी प्रश्न उरतोच की एका आईनं आपली दोन बाळं मारणं तरी किती दुर्मिळ? ती तुलना ज्यूरीपुढे आलीच नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं २००१ मध्ये या आकड्याविरुद्ध जाहीर पत्रक काढलं. २००३ मध्ये त्या सुटल्या. २००७ मध्ये वारल्या.


लासलगावकर, शनिवार रात्री ८.५०

मी मानसशास्त्रातलं काही शिकलेलो नाही, कांदा विकतो. पण पहिल्या हाताबद्दल सांगू शकतो. मार्केटात ट्रॅक्टर उभा केला की व्यापारी मूठभर कांदा उचलून बघतात आणि एक जण पहिली बोली लावतो. ती बाराशेची लागली की पुढे पाच-पंचवीसनं चढत साडेबारा-तेरापर्यंत. तोच माल, पहिली बोली पंधराशेची लागली तर कोणी तेराशेला येत नाही. म्हणून जाणता शेतकरी पहिली बोली कोण लावतोय याच्याकडे डोळे लावून असतो. तुमच्या बैठकीतही पहिला हात ज्याचा, भाव त्याचा.


कोर्टकचेरी, शनिवार रात्री ९.४०

लासलगावकर, यावर थेट कोर्टातला प्रयोग आहे, आणि न्यायाधीश आले म्हणजे प्रश्न मिटला असं मी वर सुचवलं असेल तर ते मागे घेतो. जर्मनीत बिर्टे एंग्लिश, थॉमस मुसवायलर आणि फ्रिट्झ श्ट्राक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला. कायद्याच्या व्यवसायातल्या लोकांना दुकानातल्या चोरीचं प्रकरण दिलं. सरकारी वकील किती महिने शिक्षा मागतोय हे ठरवायला त्यांना स्वतःला फासे टाकायला सांगितले. फासे मुद्दाम असे केलेले की बेरीज ३ तरी येईल नाहीतर ९. आकडा फाशावर आलाय हे डोळ्यांसमोर. तरीही ३ आलेल्यांनी सरासरी पाच महिन्यांच्या आसपास शिक्षा सुचवली, ९ आलेल्यांनी आठच्या आसपास.

तेव्हापासून मी जामिनाच्या किंवा शिक्षेच्या युक्तिवादात आकडा दुसऱ्या बाजूकडून आधी येऊ देत नाही.


पंचवटीकर, रविवार सकाळी ७.१५

ज्यूरीत कोण बसतं यावर कोणीच बोललं नाही. नाशिककरांनी तरी बोलायला हवं.

१९०८ मध्ये लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टात चालला. ज्यूरी नऊ जणांची, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, आणि ते ज्यूरीसमोर आले भाषांतरातून. निकाल ७ विरुद्ध २, दोषी. सहा वर्षं काळं पाणी, पुढे मंडाले. १८९७ च्या खटल्यातही ज्यूरी ६ विरुद्ध ३ अशीच फुटली होती, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. आणि २१ डिसेंबर १९०९ ला आपल्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला मारल्यावर खटला चालला तो ज्यूरीशिवाय, तीन न्यायाधीशांच्या खास न्यायासनापुढे. १९ एप्रिल १९१० ला ठाण्यात फाशी.

युरोपियन ज्यूरर सगळेच दुष्ट होते असं माझं म्हणणं नाही. सगळ्यांचा शेजार एक, क्लब एक, वर्तमानपत्र एक. त्यांच्या डोक्यात गोष्टही एकच तयार होणार. तुमच्या कमिटीत एखादा भाडेकरू, एखादी घरकाम करणारी मावशी असती तर बोलणं वेगळं झालं असतं.


मानसमंथन, रविवार सकाळी ९.००

पंचवटीकर, याला आधार आहे. सॅम्युअल सॉमर्स यांनी २००६ मध्ये अमेरिकेत नकली ज्यूरी बसवून पाहिलं. काळे-गोरे मिश्र असलेल्या ज्यूरींनी जास्त वेळ चर्चा केली, खटल्यातल्या जास्त गोष्टी चर्चेत आणल्या, चुका कमी केल्या. आणि हे घडलं ते फक्त काळ्या ज्यूररांच्या बोलण्यामुळे नव्हे. मिश्र गटात बसलेले गोरे लोकसुद्धा जास्त काळजीपूर्वक बोलले.

बाईंबद्दलही सांगते. १९५० च्या दशकातले सॉलोमन ॲश यांचे रेषांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. खोलीत बाकीचे सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देतात, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्या मागे जातात. पण खरं बोलणारा एक जरी साथीदार मिळाला, तर ते मागे जाणं एकदम घसरतं. बाई एकट्या होत्या तरी टिकल्या. तुमचा हात खाली राहिला असता तर कदाचित तिसराही राहिला असता.


अबोली, रविवार दुपारी १२.२०

माझी मावसबहीण अमेरिकेत ज्यूरीत बसली होती, तिच्याकडून ऐकलेलं. फौजदारी खटला, बारा जण. दार बंद झाल्यावर एकानं लगेच चिठ्ठ्या फाडायला घेतल्या. त्यांच्या प्रमुख म्हणून निवडलेल्या आजी म्हणाल्या, "जेवणाआधी मत नाही." मग प्रत्येकानं एकच सांगायचं, खटल्यातली कोणती गोष्ट मला खुपते. निष्कर्ष सांगायचा नाही. बहीण म्हणाली, बारा जणांच्या बारा वेगळ्या गोष्टी निघाल्या आणि त्यातल्या तीन तिनं कोर्टात बसून ऐकल्याच नव्हत्या, शेजारी बसूनसुद्धा. तीन दिवस चाललं. निकाल काय लागला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

धागाकर्ते, काकांना कोणी भेटलं का हो नंतर?


गोदाकाठचा, रविवार दुपारी १.००

पाकीट सापडल्यावर चेअरमननी फोन केला होता, नंबर बंद. तिथेच राहिलं. लाज वाटते लिहायला. पुढच्या रविवारी जातो, बाई येतो म्हणाल्यात.


गोदाकाठचा, आठ दिवसांनी, रविवार रात्री ९.३०

जाऊन आलो. काका पेठ तालुक्यात त्यांच्या गावी आहेत. बाई, मी, आणि ज्यांच्या मुलानं गठ्ठा बांधला ते गृहस्थ. ते स्वतःहून आले, गाडीत पूर्ण रस्ता गप्प होते. भाताची आवणी चालू होती. काका गुडघाभर चिखलात होते. आम्हाला बघून बांधावर आले, हात धुतले आणि सगळ्यात आधी बाईंच्या पाया पडले.

मी पाकिटाचं सांगितलं. आरतीच्या पुस्तकांत सापडलं, पैसे पूर्ण निघाले, आमची चूक झाली. त्यांनी ऐकून घेतलं. मग ते जे बोलले ते शब्द न बदलता लिहितो.

"मला वाटलंच होतं साहेब, की ते कपाटात नव्हतं. किल्ली माझ्याकडे खिळ्यालाच होती ना. रोज रात्री आरती झाली की खजिनदार साहेब किल्ली मागायला यायचे. त्या रात्री आलेच नाहीत. किल्ली नेलीच नाही तर पैसे आत ठेवले कसे?"

मी आणि ते शेजारचे गृहस्थ एकमेकांकडे बघत राहिलो. दुसरी किल्ली पुण्यात होती. आम्ही सात जणांनी ती किल्ली हातात धरून त्यांना दोषी ठरवलं होतं. तीच किल्ली सांगत होती की त्या रात्री कपाट उघडलंच गेलं नाही. किल्ली तीच, खिळा तोच. आमच्या गोष्टीत ती चोराची किल्ली होती, म्हणून तिच्याकडे दुसऱ्या बाजूनं कोणी पाहिलंच नाही.

बाईंनी विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलं?"

"विचारलं कोणी, बाई? मी गेटवर उभा होतो. मला वाटलं बोलावतील. मग सगळ्यांचे हात वर गेलेले दिसले."

मुलीचं त्या वर्षी कॉलेज बुडालं. आता ती पुन्हा जाते, बारावीला आहे, हे त्यांनी आपणहून सांगितलं. आम्ही कमिटीकडून तीन महिन्यांचा पगार नेला होता. त्यांनी लगेच हात लावला नाही. बाई म्हणाल्या, ही मदत नव्हे, तुमचाच थकलेला पगार आहे, तेव्हा घेतला. परत कामावर या म्हटलं, तर म्हणाले आवणी होऊ द्या, बघतो.

काल कमिटीची बैठक झाली. आधीचा ठराव चुकीचा होता असं इतिवृत्तात लिहिलं, कारणांसकट, दीड पान. लिहायला मी बसलो होतो. @कोर्टकचेरी, तुम्ही म्हणालात तसंच झालं, तिसऱ्या ओळीला थांबलो. 'किल्ली त्यांच्याकडे असल्यामुळे' एवढं लिहिलं आणि पेन पुढे जाईना.


कोर्टकचेरी, रविवार रात्री १०.१०

इतिवृत्त सोसायटीच्या दप्तरात राहील, काकांच्या हातात काही नाही. लेटरहेडवर वेगळं पत्र द्या. रक्कम सापडल्याची तारीख, त्यांच्यावरचा आरोप निराधार होता हे स्पष्ट शब्दांत, चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार तिघांच्या सह्या, शिक्का. पुढच्या नोकरीच्या जागी 'आधी का सोडलं' असं विचारलं की त्यांना तो कागद दाखवता येईल. मसुदा लागला तर आज रात्रीच पाठवतो.


गोदाकाठचा, रविवार रात्री १०.२५

पाठवा. खजिनदारांनी सकाळीच विचारलं होतं, माझी सही सगळ्यात वर चालेल का म्हणून.